कीबोर्डखालचा अक्षतेचा दाणा

अन्याय झाला तो सुनंदा खंडारे यांच्यावर. राहणार दर्यापूर तालुक्यातलं एक गाव, वय तेव्हा बेचाळीस, धंदा लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचा. अन्याय कधी झाला तेही मिनिटासकट सांगते: दसऱ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. मिनिट कसं माहीत? पावतीवर छापलेलं आहे. पावती मीच काढली होती.

आमच्या ग्राहक चळवळीत पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिल्या ओळीत कोणावर आणि कधी, दुसऱ्या ओळीत कोणी, असा नियम आहे. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ: मी. प्रणाली, काउंटर नंबर दोन. कंपनीचं आणि शेटजींचं पुढे येईलच, त्यांना मी सोडणार नाही. पण सुरुवात स्वतःपासून केली नाही तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवायला कुठल्या तोंडाने जाऊ?

आधी धंदा समजून घ्या. लॅपटॉपसोबत बनवणाऱ्या कंपनीची एक वर्षाची हमी येतेच. ते वर्ष संपल्यावर पुढची दोन वर्षं बिघाड झाला तर दुरुस्त करून देऊ, हे वचन वेगळे पैसे घेऊन विकतात. त्याला आम्ही मुदतवाढीची वॉरंटी म्हणायचो. गिऱ्हाइकाला वाटतं लॅपटॉपवालीच कंपनी हे वचन देते आहे. आमच्या दुकानात ते देणारी कंपनी भलतीच होती. तिचं मुख्य ऑफिस कुठल्या गावात आहे हे मला दोन वर्षांत कळलं नाही. ती लॅपटॉपवाल्यांचीच आहे असं आम्ही कधी म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

दुकानाला लॅपटॉपवर फार सुटत नसे, सुटायचं या वॉरंटीवर. त्यामुळे ती कशी विकायची याचं आम्हाला शिक्षण होतं. खोक्याला सुतळी बांधताना विचारायचं, त्याआधी नाही. माणसाचं मन तेव्हा घरी पोचलेलं असतं. आणि विचारायचं ते "घ्यायची का?" असं नाहीच. "काकू, वॉरंटी एक वर्षाने वाढवू की दोन?" असं विचारायचं. मी यात हुशार होते. खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता. शेटजी नवीन पोरींना माझ्या शेजारी उभं करून म्हणायचे, "बेटा, प्रणालीचं बघ. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची जागाच ठेवत नाही."

त्या वॉरंटीचा कागद बंद पाकिटात असायचा. पाकीट पैसे भरल्यावर खोक्यात टाकायचं. आत काय होतं ते मी खूप नंतर वाचलं. पाणी सांडलं तर नाही. पडला तर नाही. विजेचा दाब कमी-जास्त झाला तर नाही. धूळ गेली, मुंग्या झाल्या, जास्त गरम जागी ठेवला, तर नाही. बॅटरी आणि चार्जर मुळातच नाही. आता मला सांगा, जिथे दिवसातून चारदा वीज जाते आणि येते ती धक्का मारत येते, उन्हाळ्यात पत्र्याखाली डोकं शिजतं, सोयाबीन काढणीला लागली की घरातल्या ताटावर भुशाची साय धरते, त्या वऱ्हाडात लॅपटॉप आणखी कशाने मरतो? इथली सगळी मरणं वगळून उरलेल्या मरणाची ती हमी होती.

हे ओळखणारा माणूस मला एकच भेटला. वरूडचा संत्र्याचा व्यापारी, पांढरा लेंगा, कानात अत्तराचा फाया, पोरीसाठी लॅपटॉप घ्यायला आलेला. मी विचारलं, एक वर्ष की दोन. तो म्हणाला, "कागद दाखव."

"कागद पाकिटात आहे काका. पैसे भरले की मिळते."

तो हसला. "बाई, मी तीस वर्षं पेट्या भरून राहिलो. वरचा थर आमी कसा लावतो ते मले सांगू नको. खालचा दाखवत असशीन तं बोल."

मी खालचा दाखवू शकले नाही. तो वॉरंटी न घेता गेला. शेटजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मी मनात त्या माणसाला कंजूष म्हणत राहिले.

आता दसरा.

त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. सुनंदाकाकू सकाळच्या पहिल्या जीपने दर्यापूरहून आल्या होत्या. जुना, दुसऱ्याने वापरून टाकलेला कॉम्प्युटर चालवून त्यांनी तीन वर्षं गावातले अर्ज भरले होते. नापिकीची वर्षं होती. प्रत्येक मदत, प्रत्येक दाखला, प्रत्येक पीकविमा आता ऑनलाइन झाला होता, आणि गावात ते येणारी एवढीच बाई. त्यांनी लॅपटॉप दहा मिनिटांत पसंत केला. वॉरंटीपाशी मात्र थांबल्या. पदराने कपाळ पुसलं, खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"घेऊ का वं पोरी?"

"घ्या ना काकू. तुमचं कामच त्याच्यावर आहे."

"कामाचंच म्हनून इचारून राहिली. बिघडलं तं हे लोक खरंच करून देतात का?"

"देतात ना."

"तुह्या घरचं असतं तं तू घेतली असती का?"

आमच्या घरी लॅपटॉप नव्हता. माझ्या पगारात तो येणारही नव्हता. मी म्हणाले, "घेतली असती, काकू."

त्यांनी घेतली. अकरा वाजून दहा मिनिटं.

मग पूजा. आमच्याकडे दसऱ्याला विकलेलं प्रत्येक यंत्र दुकानातच पुजून द्यायचं, ही शेटजींच्या वडिलांपासूनची पद्धत. तेव्हा दुकान शिलाई मशीनचं होतं. शिलाई मशीनला काय होतं? लोखंडच ते. शेटजींनी पद्धत तशीच लॅपटॉपला लावली. काउंटरवरच्या मुलीने, लक्ष्मीच्या हाताने म्हणून, यंत्राला ओलं कुंकू लावायचं, अक्षता वाहायच्या आणि तांब्यातलं पाणी झेंडूच्या फुलाने शिंपडायचं. आणि फोटो. फोटोत पडदा उजळलेला दिसला पाहिजे, म्हणून लॅपटॉप उघडून, चालू करून. फोटोची प्रत दुकानाच्या भिंतीवर लागायची, खाली तारीख.

मी फूल बुडवलं, झटकलं. थेंब कीबोर्डवर पडले. काकूंनी डोळे मिटून हात जोडले. शेटजींनी फोटो काढला. पाणी मी माझ्याच ओढणीने पुसलं आणि म्हणाले, "पुढचे या."

लॅपटॉप पावणेदोन वर्षं उत्तम चालला. हेही सांगितलंच पाहिजे. त्या थेंबांनी त्याचं काही बिघडलं नाही.

तो बंद पडला जुलैमध्ये, खरिपाच्या पीकविम्याच्या ऐन गर्दीत. एका सोमवारी दुपारी काकू दुकानात आल्या त्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरून.

"प्रणाली, हा सकाळपासून उठत नाई. रात्री लाईन तीनदा गेली, तीनदा आली. पुढच्या बुधवारी आखरी तारीख हाये बाप्पा."

पुढचा बुधवार म्हणजे नऊ दिवस. त्यांच्या वहीत ज्यांचे अर्ज भरायचे राहिले होते त्यांची नावं पानंच्या पानं होती. सातबारे, पासबुकं, आधार कार्डं त्यांनी आधीच स्कॅन करून त्याच मशीनमध्ये ठेवली होती. दुसरा लॅपटॉप उसना? पेरणीच्या दिवसांत कोणी कोणाला तिफण देतं का? त्या नऊ दिवसांत तालुक्यात लॅपटॉपची तीच गत होती. दर्यापूरच्या केंद्रांबाहेरची रांग रस्त्यावर आली होती, आणि गावातली माणसं शेतातली डवरणी सोडून किती दिवस रांगेत उभी राहणार?

"वॉरंटी हाये ना आपली?" काकू म्हणाल्या.

"आहे ना," मी म्हणाले आणि फोन लावला.

फोनवरच्या बाईने सांगितलं, मशीन अमरावतीच्या केंद्रात जमा करा, कोणाकडून उघडू नका, बाहेर उघडलं तर वॉरंटी संपली. काकूंनी ते दोनदा विचारून घेतलं. त्या अर्ज भरणाऱ्या बाई होत्या, अट म्हणजे काय ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मंगळवारी त्या अमरावतीला जाऊन मशीन देऊन आल्या. बुधवारी संध्याकाळी निरोप आला, घेऊन जा. गुरुवारी त्या अमरावतीहून तशाच अकोल्याला आल्या आणि काउंटरवर एक कागद ठेवला.

'आतल्या खुणेचा रंग बदललेला. द्रवाचा संसर्ग. वॉरंटीत बसत नाही.'

कीबोर्डखाली लॅपटॉपवाली कंपनी एक पांढरा ठिपका चिकटवते. पाणी लागलं की तो लाल होतो आणि लालच राहतो. मशीन कशाने बंद पडलं हे कोणी तपासलंच नाही. ठिपका लाल, फाईल बंद.

"पोरी, मी त्याच्या जवळ पान्याचा गिलास ठेवत नाई," काकू म्हणाल्या. "नातवाले त्या खोलीत येऊ देत नाई. सासऱ्याले चहा बाहेर देते. पानी गेलं कुठून?"

मी मान वर केली आणि त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर मला ते दिसलं. दसऱ्याचे फोटो. तिसऱ्या ओळीत काकू हात जोडून उभ्या, समोर उघडा लॅपटॉप, आणि त्यावर झेंडूचं फूल धरलेला एक हात. हात माझा. फुलाखाली थेंब हवेत पकडले गेलेले. शेटजींचा कॅमेरा चांगला होता.

शेटजींनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं. मग स्वतः भिंतीकडे पाहिलं. मग गल्ल्यामागून उठून गोड आवाजात म्हणाले, "ताई, घाबरू नका. अपील असते. प्रणाली, ताईंचं अपील भरून दे."

अपिलाचा अर्ज मी पडद्यावर उघडला. तिसरा प्रश्न होता: खरेदीपासून आजवर यंत्राचा कोणत्याही द्रवाशी संपर्क आला होता का?

आता लक्षात घ्या, ही बाई कोण होती. पेरा कापसाचा असेल आणि कोणी सोयाबीन लिहा म्हणालं तर त्याला ओट्यावरून हाकलणारी. "फॉर्मात खोटं लिवलं तं मशीनले कळत नाई, पन मले कळते," असं म्हणणारी. तिने मला विचारलं, "काय लिवायचं वं? मले तं काही आठवत नाई. पूजेची फुलं-गिलं मी वरूनच वाहते, झाकन लावून."

शेटजी माझ्या मागे उभे होते. मला त्यांच्या श्वासातली सुपारी येत होती.

"नाही लिहा," मी म्हणाले.

काकूंनी 'नाही'वर बोट ठेवलं. मी बटण दाबलं. उत्तर तीन दिवसांत, असं पडद्यावर आलं.

काकू गेल्यावर शेटजी म्हणाले, "बेटा, त्यांनी घरी काय सांडलं आपल्याला काय माहीत? आपण तर शुभ काम केलं." आणि थोड्या वेळाने, "दसऱ्याचे फोटो जुने झाले. सवडीने काढून टाक."

मी काढले नाहीत. पण बोललेही नाही. शुक्रवार गेला. माझी नोकरी माझ्या घरातली एकटीच नोकरी होती, हे मी स्वतःला दर तासाला सांगत होते. ते खरंही होतं. त्या शुक्रवारी मी सात वॉरंट्या विकल्या. सातही जणांना मी विचारलं, एक वर्ष की दोन.

शनिवारी दुपारी काकूंचा फोन आला. मागे माणसांचा गलका.

"उत्तर आलं का?"

"नाही काकू. सोमवारपर्यंत येईल."

"सोमवारी? बुधवारी तारीख हाये. लोक ओट्यावर बसून राहिले माह्या. एक जन म्हनते, अकोल्यात शकीलभाई म्हनून हाये, तो दोन दिवसात उठवते. पन उघडलं तं वॉरंटी जाते. तूच सांग पोरी. थांबू का उघडू? तू घे म्हटलं तं घेतली. आता तू सांगशीन तसं."

तोच प्रश्न. तेच माणूस. मला एक सांगायचं होतं की थांबलात तरी काही हाती लागणार नाही, कारण त्या अपिलात मी खोटं लिहायला लावलं आहे. तोंडातून आलं ते एवढंच:

"उघडा. उद्या सकाळी मशीन घेऊन या. मी शकीलभाईच्या दुकानाशी थांबते."

फोन ठेवला. स्टूल घेतलं, भिंतीपाशी नेलं, तिसऱ्या ओळीतला फोटो काढला. दुकानात आठ-दहा गिऱ्हाइकं होती. शेटजी म्हणाले, "काय करतेस?"

"सवडीने काढा म्हणाला होतात."

"इकडे दे."

मी दिला नाही. पर्समध्ये ठेवला. शेटजी ओरडले नाहीत. गिऱ्हाइकांसमोर ते कधीच ओरडत नसत. हळूच म्हणाले, "सोमवारी यायची गरज नाही." आणि समोरच्या माणसाकडे वळून, "हां भाऊ, एक वर्ष की दोन?"

शकीलभाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. दोन माणसं बसली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरातले. वडिलांचं भिंग डोळ्याला लावूनच लॅपटॉप उघडायचे. रविवारी सकाळी काकू गोधडी सोडवत होत्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. स्क्रू काढायच्या आधी बोलायचं असं मी ठरवून आले होते.

"काकू, पाणी दुकानात पडलं. दसऱ्याला. माझ्या हाताने." आणि फोटो पुढे केला.

त्यांनी फोटो दूर धरून पाहिला, मग जवळ. शकीलभाईंनी एकदा आम्हा दोघींकडे पाहिलं आणि स्क्रू काढायला घेतले. कीबोर्ड उचलला. आत लाल ठिपका होता. त्याच्या बाजूला कुंकवाचा सुकलेला ओघळ, आणि कोपऱ्यात पिवळा पडलेला, हळद लागलेला, तांदळाचा एक दाणा.

शकीलभाईंनी तो चिमट्याने उचलून कागदावर ठेवला. "लो ताई. तुमचा पानी. ये तो कबका सुखून गेला, यानं काहीच नाई केलं. मशीन मेली ती करंटनं. ये देखो, पावरचा हिस्सा जळेल हाये. लाईन आली, झटका बसला, खतम."

"मंग ते पान्याचं काहून म्हनतात?"

"पानी नसतं तं करंटचं म्हणले असते. वो भी बसत नाही उनके कागज में. ताई, पहिल्या दिवशी माझ्याकडे आणता तर मंगळवारी तुमी घरी काम करत असत्या."

मंगळवार. मी बोटं मोजली. सोमवारी वॉरंटी नसती तर काकू जठारपेठेत आल्याच नसत्या, सरळ या कोनाड्यात आल्या असत्या. वॉरंटीने त्यांचं काही वाचवलं नाही, हा राग सगळेच करतात. मला राग येतो तो वेगळा. कागद जवळ होता म्हणून त्या थांबल्या. त्या कागदाने त्यांचे सात दिवस बांधून ठेवले, आणि त्यातले गुरुवार ते रविवार मी बांधले.

काकूंनी तो दाणा पाहिला आणि मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं होतं पाण्याबद्दल बोलतील.

"पूजा केली, ते जाऊ दे. तुले बी माहीत नव्हतं. पन गुरुवारी तं माहीत होतं ना तुले?"

"हो."

"मंग मले 'नाही' लिवाले काहून लावलं?"

मी नोकरी म्हणाले. घर म्हणाले. शेटजी मागे उभे होते म्हणाले.

"माह्या बी मागं लोक उभे हायेत," त्या म्हणाल्या. एवढंच.

शकीलभाईंनी एका मेलेल्या मशीनमधून भाग काढून बसवला. सोमवारी संध्याकाळी पडदा उजळला, सगळी स्कॅन केलेली कागदं जागच्या जागी. काकू शेवटच्या जीपने गावी गेल्या आणि मीही गेले. बोलावलं नव्हतं. "येतेस तं ये, बसून वाच तरी," एवढंच म्हणाल्या.

मंगळवार आणि बुधवार मी त्या ओट्यावर सातबारे वाचत होते. मी गट नंबर वाचायचा, काकूंनी टाइप करायचा, कपाशी किती, तूर किती, आणि प्रत्येक माणसाला अट सांगायची: यात हे बसते, यात हे नाई बसत, पटत असल तं भरा. प्रत्येकाला. रांग फाटकाबाहेर असताना. एक म्हातारा वैतागला, "भर ना बाई पटपट, काय कीर्तन लावलं!" तर काकू म्हणाल्या, "आबा, ऐकून घ्या. मी नाई ऐकलं मांगच्या खेपी." माझ्याकडे न बघता.

बुधवारी दुपारी चारनंतर साईट अडकायला लागली. पडद्यावर ते गोल चक्र फिरायचं आणि फिरतच राहायचं. एक अर्ज जायला वीस मिनिटं, मग अर्धा तास. वहीत एकोणीस नावं उरली होती. विसावं पान, शेवटची ओळ: काकूंच्या सासऱ्यांचं नाव. घरचं सगळ्यांत शेवटी भरायचं, म्हणजे कोणी बोट दाखवू नये, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. मी म्हणाले, "काकू, निदान घरचं आत्ता टाका."

"रांगेत हाये ना ते बी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर एकही अर्ज गेला नाही. दिवेलागणीला पडद्यावर आलं की मुदत संपली आहे. ओट्यावरची माणसं उठली, चपला शोधायला लागली. सासरे आत खाटेवर होते. त्यांनी विचारलं, "झालं का सुने सगळ्याचं?" काकू म्हणाल्या, "बहुतेकाचं झालं, मामाजी." आणि झाकण लावलं.

त्या वर्षी कपाशीचं काय झालं ते वऱ्हाडातल्या कोणालाही विचारा. ज्यांचे अर्ज गेले त्यांच्यापैकी काहींना तरी विमा मिळाला. त्या एकोणीस घरांनी मागावं तरी कुठे? त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

पुढचं थोडक्यात. मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं: मी, प्रणाली, अमुक दुकानात नोकरीस असताना, दसऱ्याच्या दिवशी, माझ्या हाताने. ते माझं पहिलं पत्रक. फोटो आणि तो दाणा जोडला. कंपनीने कळवलं की पाणी कोणी टाकलं हा त्यांचा प्रश्न नाही, पाणी आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. मग आम्ही ग्राहक मंचात गेलो. तिथे पहिल्यांदा मला चळवळीतली माणसं भेटली आणि मी त्यांच्यातच राहिले. निकाल आमच्या बाजूने लागला, दीड वर्षाने. लोक पेढे मागत होते. काकूंनी निकालाचा कागद नीट घडी घालून वहीत ठेवला, त्या विसाव्या पानात.

आता दर शनिवारी मी अमरावतीत आमच्या मदत केंद्रावर बसते. लोक येतात, विचारतात: ताई, लॅपटॉप घेतो आहे, वॉरंटी वाढवून घेऊ का? मी घेऊ नका म्हणत नाही. एखादी चांगलीही असेल. मी म्हणते, त्याला पाकीट फोडायला लावा. पैसे द्यायच्या आधी. फोडत नसेल तर त्या वरूडच्या काकांसारखं उठून चालायला लागा. आणि ते पाकीट फोडून झालं की आणखी एक विचारा: मशीन बंद पडलं तर किती दिवसांत परत द्याल, आणि तोवर मी काय करू? याचं उत्तर कागदावर नसेल तर तुम्ही वॉरंटी नाही, वाट बघणं विकत घेताय.

तर मागणी. दिवाळीच्या सुट्टीत हा अंक वाचत असाल, कपाट शेजारीच असेल. टीव्हीचा, फ्रीजचा, लॅपटॉपचा, कशाचा तरी असा कागद तुमच्याकडे आहे. उठा. काढा. 'काय बसत नाही' एवढाच भाग घरच्या माणसांसमोर मोठ्याने वाचा. फराळ थांबेल.

आणि तुमच्यापैकी जे काउंटरच्या आतल्या बाजूला उभे आहेत, दुकानात, बँकेत, विम्याच्या टेबलाशी, त्यांच्याकडे वेगळी मागणी आहे. समोरचं माणूस कधीतरी विचारेल, तुह्या घरचं असतं तं? तुमच्या मागे शेटजी उभे असतील, मला माहीत आहे. तरी खरं सांगा. रविवारपर्यंत थांबू नका. गुरुवारीच सांगा.